एरर येत नाही, पण लघुग्रह भलताच येतो: अ‍ॅस्ट्रोक्वेरीतून होरायझन्सला विचारताना होणारे घोळ

पृथ्वीजवळच्या लघुग्रहांचा एक साधा तक्ता करत होतो. सुरुवातीच्या काळात सापडलेले चार घेतले: ४३३ इरॉस, ७१९ अल्बर्ट, ८८७ अलिंडा, १०३६ गॅनिमेड. पायथनमधली अ‍ॅस्ट्रोक्वेरी लायब्ररी, तिच्यातलं जेपीएल होरायझन्स मॉड्यूल (होरायझन्स म्हणजे सूर्यमालेतल्या पिंडांच्या स्थिती सांगणारी नासाची सेवा), क्रमांकांची यादी, त्यावर एक लूप, आणि प्रत्येकाचं पृथ्वीपासूनचं आजचं अंतर. प्रोग्रॅम कुठेही अडला नाही. चारही ओळी भरून आल्या. फक्त अल्बर्टसमोर अंतर छापलं होतं जवळपास १९ खगोलीय एकक, म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतराच्या १९ पट.

अल्बर्ट सूर्यापासून साधारण १.२ ते ४.१ एककांच्या दरम्यान फिरतो. पृथ्वी सूर्याच्या पलीकडच्या बाजूला असली तरी हे अंतर सव्वापाच एककांपलीकडे जाणार नाही. १९ एककांवर असतो युरेनस. आणि उत्तर तिथलंच होतं. होरायझन्सच्या क्रमांकपद्धतीत युरेनसचे उपग्रह ७०१ पासून सुरू होतात, आणि ७१९ म्हणजे सेटेबॉस, युरेनसचा १९९९ मध्ये सापडलेला एक छोटा उपग्रह. मी अल्बर्ट विचारला, सर्व्हरने सेटेबॉस दिला. त्याच्या नियमाप्रमाणे त्याचं काहीच चुकलं नव्हतं.

हा प्रश्न मला पुन्हा पुन्हा दिसतो. कधी माझ्याच जुन्या फायलींत, कधी विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत. लाल अक्षरांतली एरर आली की माणूस थांबून वाचतो. इथे ती येतच नाही. म्हणून या घोळांची कारणं आणि उपाय एकत्र लिहून ठेवतो आहे. फंक्शनांची आणि पर्यायांची नावं देवनागरीत लिहिली आहेत, टाइप करताना अर्थातच मूळ स्पेलिंग वापरायचं.

असं का होतं

होरायझन्स ही नासाच्या जेट प्रपल्शन लॅबोरेटरीची सेवा. तिच्याकडे दोन वेगळी दप्तरं आहेत. एकात 'मोठे पिंड', म्हणजे सूर्य, ग्रह, त्यांचे उपग्रह, ग्रहमालांचे गुरुत्वमध्य (ग्रह आणि त्याचे उपग्रह यांचा सामाईक वस्तुमानकेंद्र), आणि अवकाशयानंसुद्धा. दुसऱ्यात 'लघुपिंड', म्हणजे लघुग्रह आणि धूमकेतू. दोन्हींचे क्रमांक स्वतंत्रपणे दिलेले, त्यामुळे एकच आकडा दोन्हीकडे असू शकतो. ४ म्हणजे लघुग्रहांत व्हेस्टा, मोठ्या पिंडांत मंगळमालेचा गुरुत्वमध्य. ४९९ म्हणजे खुद्द मंगळ, आणि त्याच क्रमांकाचा एक लघुग्रहही आहे. नुसता आकडा पाठवला तर होरायझन्स आधी मोठ्या पिंडांच्या दप्तरात शोधते. तिथे सापडलं की काम झालं, लघुग्रहांच्या दप्तराकडे ती वळत नाही.

अ‍ॅस्ट्रोक्वेरीत हे 'आयडी टाइप' या पर्यायावर ठरतं. पूर्वी त्याची मूळ किंमत 'स्मॉलबॉडी' होती, त्यामुळे काही न सांगताही लघुग्रहच मिळायचा. पुढे ती बदलून 'नन' झाली, म्हणजे होरायझन्सची स्वतःची रीत. जुन्या शिकवण्यांतला कोड जसाच्या तसा नव्या आवृत्तीवर चालवला की तो चालतो, आणि उत्तर दुसऱ्याच पिंडाचं येतं. इरॉस आणि अलिंडा वाचले, कारण ४३३ आणि ८८७ हे आकडे मोठ्या पिंडांत कुणालाच दिलेले नाहीत. अल्बर्टचा घोळ लक्षात आला तो योगायोगाने.

उपाय एका शब्दाचा: लघुग्रह विचारताना आयडी टाइप दरवेळी स्वतः लिहा, 'स्मॉलबॉडी'. मग अ‍ॅस्ट्रोक्वेरी आकड्याच्या शेवटी अर्धविराम (;) जोडून पाठवते, आणि होरायझन्सच्या भाषेत अर्धविरामाचा अर्थ 'लघुपिंडांत शोध' असा आहे. वेबपानावर हाताने विचारतानाही तोच अर्धविराम लागतो.

टार्गेटनेम रकाना छापा

उत्तरात येणाऱ्या तक्त्याचा पहिलाच रकाना 'टार्गेटनेम' असतो. सर्व्हरने नेमका कोणता पिंड घेतला ते तिथे लिहिलेलं असतं. आपण बहुतेक वेळा विषुवांश, क्रांती (आकाशातल्या जागेचे दोन निर्देशांक), अंतर एवढेच रकाने निवडतो आणि हा गाळतो. मीही गाळला होता. आता माझ्या प्रत्येक लूपमध्ये एक तपासणी असते: टार्गेटनेमची सुरुवात मी पाठवलेल्या क्रमांकाने होते का? नसेल तर प्रोग्रॅम तिथेच थांबवायचा, पुढे जाऊ द्यायचं नाही. शेकडो लघुग्रहांची यादी असते तेव्हा एक सेटेबॉस डोळ्यांना दिसत नाही. सरासरी काढली की तो तिच्यात मिसळून जातो.

दुसरं हत्यार म्हणजे 'यूआरआय'. विचारणा झाल्यावर होरायझन्स ऑब्जेक्टच्या या गुणधर्मात पाठवलेला पूर्ण पत्ता साठवलेला असतो. तो छापा, ब्राउझरमध्ये चिकटवा, आणि सर्व्हरचं कच्चं उत्तर वाचा. वरच्या मजकुरात पिंडाचं नाव, केंद्र, कालमापन, निरीक्षणस्थळाचे अक्षांश-रेखांश-उंची, सगळं असतं. तक्त्यात न दिसणाऱ्या अर्ध्या चुका या मजकुरात पहिल्या मिनिटात दिसतात.

नाव दिलं तर?

आकडा धोक्याचा, म्हणून नाव द्यावं असं वाटतं. पण नावांतही सापळे आहेत. १०३६ गॅनिमेड हा लघुग्रह आणि गुरूचा उपग्रह गॅनिमेड, यांच्या रोमन स्पेलिंगमध्ये शेवटच्या एकाच अक्षराचा फरक आहे. 'अपोलो' विचारलं तर १८६२ अपोलो हा लघुग्रह राहतो बाजूला, कारण मोठ्या पिंडांच्या यादीत अपोलो मोहिमांच्या रॉकेटांचे सोडून दिलेले टप्पेही आहेत. 'डिडिमॉस'चं वेगळंच. २६ सप्टेंबर २०२२ ला डार्ट यान त्याच्या डिमॉर्फोस या छोट्या सोबत्यावर आदळवलं गेलं. त्या जोडीची कक्षा होरायझन्समध्ये ग्रह आणि उपग्रहांसारखी मांडलेली आहे: जोडीचा गुरुत्वमध्य, मोठा डिडिमॉस आणि छोटा डिमॉर्फोस.

अशा वेळी निदान एरर तरी येते, 'अँबिग्युअस टार्गेट नेम'. तिच्याखाली जुळणाऱ्या पिंडांची यादी असते आणि पहिल्या रकान्यात प्रत्येकाचा एकमेव क्रमांक. तो उचलून पुन्हा विचारायचं. मात्र ती यादी मोठ्या पिंडांची असेल, तर दुसऱ्या वेळी आयडी टाइप 'नन' ठेवायचा. स्मॉलबॉडी ठेवलात तर तो क्रमांक चुकीच्या दप्तरात शोधला जाईल आणि 'अननोन टार्गेट' म्हणून परत येईल. या दोन एररांमध्ये लोक तासन्‌तास ये-जा करत राहतात.

धूमकेतूही पृथ्वीजवळचे असू शकतात. उपसूर्य अंतर, म्हणजे सूर्यापासूनचं किमान अंतर, १.३ एककांहून कमी असलं की झालं. एन्केचा धूमकेतू दर ३.३ वर्षांनी येतो, आणि होरायझन्सकडे त्याच्या अनेक फेऱ्यांच्या कक्षा वेगवेगळ्या नोंदलेल्या आहेत. म्हणून '२पी' (एन्केचा क्रमांक) विचारलं की पुन्हा तीच अँबिग्युअस एरर आणि लांबलचक यादी. इथे एफेमेरिडीज फंक्शनला (आकाशातल्या स्थितींचा तक्ता देणाऱ्या) 'क्लोजेस्ट अ‍ॅपॅरिशन' हा पर्याय 'ट्रू' करून द्यावा. ७३पी सारखा फुटलेला धूमकेतू असेल तर 'नो फ्रॅगमेंट्स'ही द्यावा, नाहीतर त्याच्या तुकड्यांची जंत्री येते. आणि हे लक्षात ठेवा की दोन्ही पर्याय लघुपिंडाचा आयडी टाइप दिलेला असेल तरच विनंतीत जातात. आयडी टाइप 'नन' असेल तर ते गुपचूप गळतात आणि तुम्हाला वाटतं पर्यायच चालत नाही. धूमकेतूंच्या तक्त्यात 'व्ही' नावाचा तेजस्वितेचा रकानाही नसतो. त्याऐवजी पूर्ण धूमकेतूची आणि केंद्रकाची प्रत असे दोन वेगळे रकाने येतात. लघुग्रहांसाठी लिहिलेला कोड तिथे 'की एरर' देऊन थांबतो.

केव्हाचं उत्तर?

वेळेचा घोळ दाखवायला अपोफिससारखं उदाहरण नाही. ९९९४२ अपोफिस १३ एप्रिल २०२९ रोजी आंतरराष्ट्रीय वेळेनुसार रात्री ९ वाजून ४६ मिनिटांच्या सुमारास पृथ्वीकेंद्रापासून सुमारे ३८,००० किलोमीटरवरून जाणार आहे. पृष्ठभागापासून मोजलं तर साधारण ३२,००० किलोमीटर, म्हणजे भूस्थिर उपग्रहांच्याही आतून. आपल्या घड्याळात तेव्हा १४ एप्रिलची पहाट असेल, ३ वाजून १६ मिनिटं.

आता कुणी 'स्टार्ट' मध्ये सरळ १४ एप्रिल ३:१६ लिहिलं तर? होरायझन्स ती भारतीय वेळ मानत नाही. साडेपाच तासांनंतरची स्थिती येते, आणि तोवर अपोफिस पृथ्वीपासून एक लाख किलोमीटरहून दूर गेलेला असतो. निरीक्षणांचा तक्ता नेहमी यूटी मध्येच, म्हणजे आंतरराष्ट्रीय वेळेत, मागायचा आणि साडेपाच तास शेवटी छापताना मिळवायचे. आपल्याकडच्या निरीक्षकांच्या हातून सगळ्यात जास्त होणारी चूक हीच, असं माझं मत आहे. कारण दूरच्या लघुग्रहाच्या बाबतीत साडेपाच तासांनी फारसं काही हलत नाही, म्हणून ती कळतच नाही आणि सवय पक्की होते.

यापेक्षा बारीक फरक आणखी आहे. एफेमेरिडीज फंक्शन वेळ यूटी मध्ये घेतं, पण 'व्हेक्टर्स' (स्थान आणि वेग) आणि 'एलिमेंट्स' (कक्षेचे घटक) ही दोन्ही टीडीबी मध्ये, म्हणजे सूर्यमालेच्या गतिशास्त्रात वापरल्या जाणाऱ्या वेळेत. दोन्हींत सध्या सुमारे ६९ सेकंदांचं अंतर आहे. जवळिकीच्या क्षणी अपोफिस पृथ्वीच्या सापेक्ष सेकंदाला ७.४ किलोमीटर वेगाने जात असेल. गुणाकार करून पाहा, पाचशे किलोमीटरहून जास्त चूक होते. एकाच ज्युलियन दिनांकाने (खगोलशास्त्रातली दिवसांची सलग मोजणी) दोन्ही फंक्शनांना विचारून 'अंतरं जुळत नाहीत' म्हणणारे प्रश्न बहुधा इथूनच येतात. अ‍ॅस्ट्रोपाय या पायथनमधल्या खगोलशास्त्राच्या लायब्ररीचा 'टाइम' ऑब्जेक्ट वापरत असाल तर एफेमेरिडीजला यूटीसीचा ज्युलियन दिनांक द्या, व्हेक्टर्सला टीडीबीचा. कोडमध्ये एका शब्दाचा फरक आहे.

'स्टेप' कडेही बघा. '१एम' म्हणजे एक मिनिट, महिना नव्हे. एककच लिहिलं नाही तर आकडा म्हणजे एकूण कालावधीचे तेवढे समान भाग. आणि एक दिवसाच्या पायरीने अपोफिसचा तक्ता मागितला तर जवळचा मुक्काम १४ एप्रिल ० वाजताचा येतो, म्हणजे खऱ्या जवळिकीनंतर सव्वादोन तासांचा. त्या रकान्यातलं किमान अंतर म्हणून कुणी छापलं तर ते धादांत चूक. आधी मोठ्या पायरीने दिवस शोधा, मग त्या दिवसाच्या आत मिनिटाच्या पायरीने पुन्हा विचारा. वेळांची यादीच पाठवत असाल तर ती छोटी ठेवा, कारण सगळ्या वेळा पत्त्यात लिहून जातात. पत्ता फार लांब झाला की सर्व्हर तो घेत नाही.

कुठून बघताय?

'लोकेशन' मध्ये वेधशाळेचा कोड चालतो, ५०० म्हणजे पृथ्वीकेंद्र. स्वतःची जागा द्यायची तर रेखांश, अक्षांश आणि उंची यांची डिक्शनरी. इथे उंची किलोमीटरमध्ये आहे. पुण्याची उंची सुमारे ५६० मीटर, म्हणून लोक ५६० लिहितात, आणि निरीक्षक जातो जमिनीपासून ५६० किलोमीटर वर. लिहायचं ०.५६. दीड कोटी किलोमीटरवरच्या लघुग्रहासाठी या चुकीने जास्तीत जास्त सातआठ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) फरक पडेल, कुणाच्या लक्षातही येणार नाही. ३२,००० किलोमीटरवरच्या अपोफिससाठी तोच फरक एका अंशापर्यंत जाऊ शकतो, म्हणजे पूर्णचंद्राच्या व्यासाच्या दुप्पट. छोट्या दुर्बिणीच्या दृष्टिक्षेत्रातून लघुग्रह पार बाहेर. अ‍ॅस्ट्रोपायची एककं लावून 'मीटर' असं स्पष्ट देता येतं, तेच सुरक्षित. रेखांश पूर्वेला धन, त्यामुळे महाराष्ट्रात उणे चिन्ह कुठेच लागत नाही. परदेशी उदाहरणातून उचललेल्या ओळीत मात्र ते बरेचदा राहून जातं.

कक्षेचे घटक मागताना केंद्र सूर्यच असू द्या. पृथ्वी केंद्र धरून एलिमेंट्स मागवले तर उत्केंद्रता (कक्षा किती लांबट ते सांगणारा आकडा) १ पेक्षा मोठी येते आणि लघुग्रह सूर्यमालेबाहेरून आल्यासारखा वाटतो. ती पृथ्वीभोवतीची क्षणिक कक्षा असते. आकडा बरोबर असतो, आपला प्रश्न चुकलेला असतो.

उत्तर शिळं आहे का?

हा घोळ मला सगळ्यात उशिरा कळला. २०२४ वायआर४ हा लघुग्रह २७ डिसेंबर २०२४ रोजी चिलीतल्या अ‍ॅटलास दुर्बिणीने शोधला. २२ डिसेंबर २०३२ ला तो पृथ्वीवर आदळण्याची शक्यता फेब्रुवारी २०२५ मध्ये रोज बदलत होती. नासाच्या गणितात १८ फेब्रुवारीला ती ३.१ टक्क्यांवर गेली आणि २४ तारखेला ०.००४ टक्क्यांवर आली. प्रत्येक नव्या निरीक्षणाबरोबर कक्षा सुधारत होती. माझ्या संगणकावर मात्र २०३२ मधली स्थिती दिवसेंदिवस दशांशापर्यंत तीच.

अ‍ॅस्ट्रोक्वेरी आलेली उत्तरं घरच्या फोल्डरमध्ये, अ‍ॅस्ट्रोपायच्या कॅशमध्ये साठवते. तंतोतंत तीच विनंती पुन्हा आली की सर्व्हरकडे न जाता साठवलेलं उत्तर देते. 'आत्ताची वेळ' विचारत असाल तर विनंती दरवेळी बदलते, म्हणून हे लक्षात येत नाही. २०३२ ची ठरावीक तारीख विचारली की विनंती तीच, उत्तरही तेच. नव्या आवृत्तीत साठ्याला आठवडाभराची मुदत आहे, पण वायआर४ च्या बाबतीत सहा दिवसांत सगळं चित्र पालटलं होतं. नुकत्याच सापडलेल्या लघुग्रहासाठी विचारणा करताना 'कॅश' हा पर्याय 'फॉल्स' द्या, किंवा आधी 'क्लिअर कॅश' चालवा.

आणि कक्षा कोणती वापरली गेली तेही नोंदवा. एसबीडीबी मॉड्यूलने (जेपीएलच्या लघुपिंडांच्या माहितीकोशाचं) तोच लघुग्रह विचारला की 'ऑर्बिट' विभागात कक्षेचा ओळखक्रमांक, ती काढल्याची तारीख आणि शेवटच्या निरीक्षणाचा दिवस मिळतो. निकालासोबत हे तीन आकडे लिहून ठेवले तर दोन महिन्यांनी दोन तक्ते का जुळत नाहीत याचं उत्तर समोर असतं. होरायझन्सच्या तक्त्यात विषुवांश आणि क्रांतीच्या अनिश्चिततेचे '३सिग्मा' रकानेही येतात, ते टाकून देऊ नका. अल्बर्ट १९११ मध्ये व्हिएन्नात योहान पालिसा यांनी शोधला, थोड्याच काळात हरवला, आणि थेट २००० साली पुन्हा हाती लागला. मोजक्या निरीक्षणांवरून काढलेली कक्षा किती लवकर निरुपयोगी होते ते त्यावरून कळतं.

उरलेलं थोडक्यात

एसबीडीबीत नावाशी एकाहून जास्त पिंड जुळले तर एरर येत नाही, फक्त उत्तरात 'ऑब्जेक्ट' ऐवजी 'लिस्ट' असते. पुढच्या ओळीतली 'की एरर' तिथली आहे, आधी चाव्या छापून बघा. युरोपीय अवकाश संस्थेच्या एनईओसीसी मॉड्यूलला तात्पुरतं नाव मधली जागा न सोडता द्यावं लागतं, २०२४वायआर४ असं. लघुग्रह धोक्याच्या यादीतून वगळला गेला असेल तर त्याचा 'इम्पॅक्ट्स' भाग मिळतच नाही, ते तुमच्या कोडचं बिघडलेपण नव्हे.

सगळंच एकदम बंद पडलं, कुठलाही लघुग्रह मिळेना, तर आधी आवृत्ती तपासा. २०२१ मध्ये होरायझन्सची प्रश्न विचारण्याची रीत बदलली आणि त्याआधीच्या अ‍ॅस्ट्रोक्वेरी तिच्याशी बोलू शकत नाहीत. आवृत्ती नवी असूनही मधूनच ५०३ (सर्व्हर सध्या उपलब्ध नाही) येत असेल तर समांतर विनंत्या थांबवा. जेपीएलची अपेक्षा एका वेळी एकच विनंती अशी आहे. हजार लघुग्रहांना वेळ लागतो, तो लागू द्यावा. रात्री लावून झोपावं, प्रत्येक उत्तर लगेच फायलीत लिहावं, म्हणजे मधे तुटलं तरी तिथूनच पुढे सुरू करता येतं.

एवढं करूनही अडलात तर मदत मागताना अ‍ॅस्ट्रोक्वेरीची आवृत्ती, टार्गेटनेम रकान्यात आलेला मजकूर आणि यूआरआय, या तिन्ही गोष्टी सोबत द्या. फक्त 'चुकीचं अंतर येतंय' एवढ्यावरून समोरच्याला काही सांगता येत नाही. यूआरआय असला की तो ब्राउझरमध्ये उघडून तुमचंच उत्तर त्याला वाचता येतं.